यष्टीवाल्यानं खाली बसायचं

गॅरेजात दोन गोष्टी साठत जातात, जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल निदान लोक डबा घेऊन मागायला येतात, घराच्या वाशांना फासलं की वाळवी लागत नाही. किस्से कोण नेणार? ते आपल्याकडेच पडून राहतात. त्यातले काही मी हसत सांगतो, आणि एक सांगायचा टाळतो. आज तोही सांगून टाकतो, एकदाचा जाऊ दे.

माझं गॅरेज रत्नागिरीत, मारुती मंदिराकडून नाचण्याला जाताना डाव्या हाताला. ऐंशी सालानंतर पाच-सहा वर्षं तिथे दर रविवारी सकाळी आमची बैठक बसायची. आम्ही चौघं. मी येशा मेस्त्री. मिरकरवाड्याचे इब्राहिमभाई, मासळीचे व्यापारी, आमच्यात वयानं मोठे. शितप मास्तर, पावसच्या पुढे एका गावात शाळेवर होता. माझ्याच वर्गातला, म्हणून अरे-तुरे. आणि त्याच गावच्या सरकारी दवाखान्यातला आरोग्यसेवक कांबळे, सगळ्यांत लहान. जात वेगळी, धंदा वेगळा, सारखं काय ते एकच. प्रत्येकाकडे साडेतीनशे सीसीची अवजड मोटरसायकल. आम्ही तिला नुसतं 'साडेतीनशे' बोलायचो.

कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या हातात येईपर्यंत प्रत्येक गाडीला तीन-तीन मालक होऊन गेलेले, त्यात कंपनीचा काय दोष? गाडी कशी चालायची म्हणाल तर उतारावर उत्तम.

पण जीव होता तिच्यावर. इतका की आम्ही एक कायदा केला. साडेतीनशे रस्त्यात बंद पडली तर तिला टाकून यायचं नाही. ढकलत आणा, टेम्पोत घाला, तिथेच बसून दुरुस्त करा. तिला सोडून जो एसटीनं येईल, म्हणजे आमच्या भाषेत यष्टीनं, त्यानं महिनाभर बाकड्यावर बसायचं नाही, खाली जमिनीवर बसायचं. बाकडं म्हणजे तरी काय, भंगारातल्या जीपची मागची सीट. 'आम्ही केला' बोललो ते खोटं. कायदा मी केला, बाकीचे हसून हो बोलले.

*

इब्राहिमभाईंचा किस्सा सगळ्या रत्नागिरीला माहीत आहे.

ते दाभोळला मुलगी बघायला निघाले. नवा सदरा, अंगाला अत्तर, आणि खाली साडेतीनशे. बरोबर घरातलं कोणी नाही. का, तर मागच्या सीटवर वजन झालं की ती चढाला कण्हते. दाभोळ चार मैल राहिलं आणि बाईसाहेब थांबल्या. दोन यष्ट्या गेल्या, एक ट्रक गेला. ट्रकवाला थांबून बोललासुद्धा, "चला, सोडतो." भाई बोलले, "गाडीसकट नेत असशील तर ये." त्याच्या ट्रकात कौलं भरलेली.

चार मैल ढकलत नेली. सकाळी दहाला पोचायचे ते तिसऱ्या प्रहरी पोचले. सदरा पाठीला चिकटलेला, हात कोपरापर्यंत काळे. मुलीच्या बापानं पाणी दिलं, पंखा लावला आणि विचारलं, "गाडी तिथेच ठेवून का नाही आलात?"

"अशी कशी ठेवणार? कोणी हात लावला तर?"

म्हाताऱ्यानं पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग बोलला, "भाई, उद्या माझी मुलगी आजारी पडली तर तुम्ही आधी कोणाकडे बघाल, तेवढं मला कळलं." नकार तिथेच मिळाला.

रविवारी हा किस्सा ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो. मास्तर बोलला, "मुली काय, पन्नास मिळतील. साडेतीनशे कुठे मिळते?" इब्राहिमभाईंना ते पटलं. पन्नास सोडा, एकही मिळाली नाही. आता सत्तरी ओलांडली, अजून एकटेच आहेत.

*

एकदा एक गोरा आला. युरोपातून रस्त्यानं निघालेला, हायवेनं गोव्याला चाललेला, टायर फाटला म्हणून कोणीतरी हातखंब्यावरून माझ्याकडे पाठवला. गाडी बघून आम्ही उठूनच उभे राहिलो. हजार सीसीची, दोन्ही अंगाला पत्र्याच्या पेट्या, टाकी म्हणजे आमचं पिंप. वाळवंटं, बर्फ, काय काय पार करून आलेली.

मास्तरला इंग्रजी येत होतं. मी बोललो, "विचार त्याला, वाटेत किती वेळा बंद पडली?"

गोऱ्यानं बोट आडवं हलवलं. एकदाही नाही.

मग कांबळेनं विचारायला लावलं, की आता एवढ्या लांब परत कसा नेणार? तर तो बोलला, नेणार नाही. गोव्यात गिऱ्हाईक बघून विकणार आणि विमानानं घरी जाणार.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कांबळेला तर खरंच वाईट वाटलं. "एवढा सांभाळून आणला तिनं याला, आणि हा विकणार?" मास्तरनं ते इंग्रजीत सांगितलं. गोरा हसला आणि काहीतरी बोलला. मास्तरनं आम्हाला सांगितलं, "तो बोलतो, गाडीच आहे ती."

इब्राहिमभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "त्याचं काय चुकलं? जी कधी रुसलीच नाय, तिच्यावर जीव कसा बसणार?"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या गोऱ्याला दुसरा चहा विचारला नाही, दगडाच्या काळजाचा माणूस म्हणून. आज वाटतं, त्या दिवशी गॅरेजात पाच माणसं होती आणि त्यात शहाणा तेवढा एकच.

*

मास्तरच्या बायकोला आम्ही वहिनी बोलायचो. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच आणि तिसरी साडेतीनशे. गाडी घरापुढच्या खळ्यात उभी असायची तिथे इंजिनाखाली वहिनीनं एक करवंटी ठेवलेली. सकाळी उठून बघावं तर करवंटी ऑइलनं भरलेली. "म्हैस आटली मेस्त्री," वहिनी बोलायची, "पण ही दुभती हाय."

मागे बसून जाताना मांडीवरच्या पिशवीत जांभ्याचा एक दगड घ्यायची. स्टँड मोडलेला, चढावर गाडी थांबली की मागच्या चाकाला लावायला. नवऱ्याचा नाद होता, तिनं तो असा पदरी बांधून घेतलेला.

एकदा दोघं तिच्या माहेरी पूर्णगडला निघाले. गाडी अर्ध्या वाटेत बंद. मास्तर बसला पाने काढून. पाठीमागून यष्टी आली. वहिनीनं दगड चाकाला लावला, हात केला आणि यष्टीत चढली. वर खिडकीतून सांगितलं, "तुम्ही बसा तिच्यापाशी. मी पोचते, जेवते." मास्तर संध्याकाळी पोचला तेव्हा माहेरची भांडीसुद्धा घासून झाली होती.

पुढे कधीतरी ती बाजाराला आलेली, गॅरेजात डोकावली. मी चिडवायला बोललो, "वहिनी, यष्टीनं गेलात. कायद्यानं तुम्हाला खाली बसायला लागेल."

तिनं बाकड्याकडे बघितलं, आम्हा चौघांकडे बघितलं. "गाडी काय तुमची आवस हाय, जन्मदाती? यष्टी आली की बसावं माणसानं."

आम्ही हसलो. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं, असंही मी बोललो. ती बाजाराची पिशवी उचलून यष्टी पकडायला गेली.

*

कांबळेची गाडी आमच्यात सगळ्यांत जुनी, आणि तिच्यावर जबाबदारी सगळ्यांत मोठी. दवाखान्याची जीप कित्येक महिने विटांवर उभी. सापाचं इंजेक्शन दवाखान्यात असलं तर असलं, सरलं की रत्नागिरीहून आणायचं. आणणार कोण? कांबळे. बर्फाची पेटी मागच्या सीटला दोरीनं बांधून तो असा यायचा की वाटेवरच्या दगडी गडग्यावर बसलेली पोरं आवाज ओळखायची. दोन माणसं त्यानं अशी वाचवली. त्यातला एक म्हातारा तर साडेतीनशे दिसली की तिला हात जोडायचा, कांबळेला नव्हे.

तोच कांबळे एकदा भाट्याच्या पुलाशी अडकला. गाडी बंद, आणि अंगात ताप. उभंही राहवेना. गाडी एका ओळखीच्या दुकानदाराच्या पडवीत लावली आणि यष्टीनं आला. रविवारी बरा होऊन बैठकीला आला, तर मी बोललो, "यष्टीवाला आला. बस खाली."

तो हसला. मग मी बोटानं जमिनीवरची जागा दाखवली, तेव्हा हसायचा थांबला.

"दुसरी कायपण शिक्षा द्या मेस्त्री. खाली नाय बसणार."

"कायदा तो कायदा."

"मग उभा राहतो."

आणि उभा राहिला. हातात चहाचा ग्लास घेऊन, आम्ही तिघं बाकड्यावर आणि तो उभा. त्याचा बाप गावात कोणाच्या घरी गेला तर खाली खळ्यात बसायचा, पडवीची पायरी चढायचा नाही. पुढे त्यांची सगळी वाडी बौद्ध झाली आणि ते बसणं संपलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच जिल्ह्यात वाढलो. पण त्या वेळी माझ्या डोक्यात ते आलंच नाही, खरं सांगतो. मला वाटलं, पोरगा ताठ आहे, जरा वाकवू. तिसऱ्या रविवारी इब्राहिमभाई बोलले, "मेस्त्री, पुरे झालं." मी बोललो, "अजून एक राहिलाय."

महिना भरल्यावर कांबळे बाकड्यावर बसला आणि बोलला, "आता कायपण होवो, गाडी सोडून येणार नाय." मी त्याची पाठ थोपटली. कायदा लागू पडला म्हणून मला बरं वाटलं होतं.

*

आता तो किस्सा.

भातकापणीचे दिवस. वहिनी घरामागे लाकडांच्या माचातून चुलीला फाटी काढत होती, तिथे नाग होता. मनगटाला चावला. भर दुपार. मास्तर शाळेतून धावत आला, गावातल्या चौघांनी खुर्चीत बसवून तिला दवाखान्यात नेली. इंजेक्शन सरलेलं. मास्तरची गाडी माझ्याकडे, इंजिन खोलून ठेवलेलं, एका पार्टसाठी मी पंधरा दिवस अडवून धरलेली. कांबळे कोणी सांगायच्या आत निघाला होता. कोणीतरी बोललं, मिळेल त्या वाहनातून रत्नागिरीला न्या. डॉक्टर बोलले, हलवू नका, कांबळे दीड तासात येतो. सगळे बसून राहिले. कांबळे आहे म्हटल्यावर कोणाला शंकाच नव्हती.

जाताना गाडी नीट गेली. पेटी घेऊन परत निघाला, भाट्याचा पूल ओलांडला, आणि गोळपच्या चढाला ती थांबली.

मीच त्याला शिकवून ठेवलेलं, घाबरायचं नाही, ठिणगी पाडणारे पॉइंट साफ कर, दहा मिनिटांत चालू होते. तो बसला पॉइंट साफ करायला. मागून पावसवरून त्यांच्याच गावाला जाणारी यष्टी आली. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा, पुढचं सगळं त्यानंच मला सांगितलं. त्यानं पेटी बघितली, गाडी थांबवली. "इंजेक्शन हाय ना? चल, बस."

"दहा मिनटात चालू होते. जावा तुम्ही."

"पेटी तरी दे."

"सही करून घेतलीय. दुसऱ्याच्या हातात कशी देऊ?"

ड्रायव्हरनं आणखी जरा वाट बघितली. आत माणसं ओरडायला लागली, तसा तो गेला.

साडेतीनशे चालू व्हायला पाऊण तास लागला. कांबळे दवाखान्यात पोचला तेव्हा मास्तर पायरीवर बसला होता आणि त्याच्या बाजूला वहिनीच्या चपला होत्या. आधी पापण्या मिटायला लागल्या, मग बोलणं जड झालं, मग श्वास. डॉक्टर बोलले, "अर्धा तास आधी..." आणि पुढचं बोलले नाहीत. बोलायला कशाला पाहिजे? यष्टी पाऊण तास आधीच पोचली होती.

*

तिसऱ्या दिवशी कांबळे गाडी घेऊन माझ्याकडे आला. चालवत नाही, ढकलत. गावापासून रत्नागिरीपर्यंत.

मी बोललो, "बस." तो उभाच राहिला.

"मेस्त्री, यष्टी थांबली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वहिनी यायला पायजे होती." मग त्यानं बाकड्याच्या पुढची जमीन दाखवली. "मला ही जागा दिसली."

किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत यष्टीच्या स्टँडकडे गेला. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि आत बसून रडलो. माझा बाप गेला तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. कांबळेला सगळ्या गावानं बोल लावला, दवाखान्यात चौकशी झाली, लोकांनी त्याच्याकडून गोळ्या घ्यायचं सोडलं. मला कोणी काही बोललं नाही. माझा कायदा कोणाला माहीत होता?

*

बैठक मोडली. इब्राहिमभाई तेवढे रविवारी यायचे, बाकड्याच्या एका टोकाला बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. मी मास्तरचं इंजिन बांधलं. मग कांबळेची गाडी घेतली. तिचा एकूण एक स्क्रू काढला, पॉइंट, कॉइल, वायरिंग, सगळं नवीन घातलं. उभ्या आयुष्यात एवढं मन लावून मी गाडी केली नाही. दोन्ही गाड्या पहिल्या किकला चालू व्हायला लागल्या. न्यायला कोणी आलं नाही.

शिमग्याच्या आदल्या रविवारी मी आणि इब्राहिमभाई बसलो होतो. मास्तर स्टँडकडून चालत येताना दिसला. केस पिकलेले, गालाची हाडं वर आलेली. चार महिन्यांत माणूस एवढा म्हातारा होतो हे मी पहिल्यांदा बघितलं. मी उठून त्याला बाकड्यावर जागा केली.

तो बाकड्याच्या पुढ्यात खाली जमिनीवर बसला. ऑइल सांडलेल्या जागेवर, धुतल्या लेंग्यानं.

"मास्तर, काय हे? वर बस."

"यष्टीनं आलोय. कायदा तुझाच ना?"

इब्राहिमभाई हळूच बाकड्यावरून उठले आणि उभे राहिले. बसायचं कुठे, त्यांनाही कळेना.

"कांबळे येतोय," मास्तर बोलला. "एकाच यष्टीत होतो. मी हाक मारली तर मागच्या सीटवर जाऊन बसला."

पाचेक मिनिटांनी कांबळे आला. फाटकाशीच थांबला. मास्तर जमिनीवर बसलेला बघितला आणि त्याचा चेहरा असा झाला की मी मान खाली घातली.

"आत ये," मास्तर बोलला. "बाकड्यावर बस."

"मास्तर, मी पण यष्टीनंच..."

"मी हाय खाली. तू वर बस."

कांबळे किती वेळ तसाच उभा होता सांगता येत नाही. मग आला आणि बाकड्याच्या कडेला बसला. मी खाली बसलो. इब्राहिमभाई गुडघे धरत खाली बसले. चहा आला, तो सगळ्यांनी प्यायला. ग्लास ठेवून मास्तर उठला आणि कांबळेच्या गाडीपाशी गेला. किल्ली तिलाच लावून ठेवलेली होती. त्यानं किक मारली. पहिल्या किकला चालू झाली, एकसारखी, कुठे खोकली नाही. मास्तर कान देऊन ऐकत राहिला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल.

त्यानं गाडी बंद केली आणि किल्ली माझ्या हातात दिली. स्वतःच्या गाडीकडे बघितलंही नाही.

रस्त्यावरून स्टँडकडे जाणारी एक यष्टी वळली. मास्तरनं कांबळेच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल रे. यष्टी आली की बसावं माणसानं."